मराठी विज्ञान परिषद आणि पाबळचा माळ

(शिरूर येथे शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिरूर तालुक्याच्या सीमेवर, टाकळी हाजी आणि पलीकडच्या तीरावरील निघोज या दोन गावांच्या दरम्यान, कुकडी नदीच्या पात्रातील काळ्या पाषाणात रांजणाच्या आकाराचे खोल खळगे पडलेले आहेत. मळगंगेच्या दर्शनासाठी येणारा भाविक ते श्रद्धेने पाहतो. शाळेच्या सहलीबरोबर आलेला मुलगा ते कुतूहलाने पाहतो आणि गुरुजींना विचारतो, की हे कोणी कोरले? त्याचे उत्तर सोपे आहे. पुराच्या पाण्याबरोबर वाहत आलेले गोटे खडकातील लहानशा खोलगटीत अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरत राहतात आणि वर्षानुवर्षांच्या त्या घर्षणाने खडक झिजून रांजण तयार होतो. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात या भूरूपाला ‘रांजणखळगे’ असेच नाव आहे. शास्त्रीय संज्ञा म्हणून हा शब्द कोणाही खेडुताला समजावून सांगावा लागत नाही. ज्याने पाण्याने भरलेला रांजण पाहिला आहे, त्याला तो आपोआप कळतो.

सगळ्याच शास्त्रीय संज्ञांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. विज्ञान मराठीत कसे आणावे आणि आणलेले विज्ञान गावापर्यंत कसे न्यावे, हे दोन प्रश्न दिसावयास एकच वाटतात, पण ते वेगळे आहेत. पहिल्या प्रश्नासाठी महाराष्ट्रात जी संस्था सर्वांत अधिक सातत्याने झटली ती मराठी विज्ञान परिषद होय. दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर याच तालुक्यातील पाबळ येथे शोधले गेले. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोहोंचा इतिहास हा आहे.

मराठीतून विज्ञान सांगण्याचा उद्योग परिषदेपेक्षा पुष्कळ जुना आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यातून सृष्टिशास्त्रांची माहिती मराठी वाचकांपुढे ठेवली. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयातील विद्यार्थी व अध्यापक यांनी साहित्य आणि विज्ञान यांसाठी एक सभा स्थापन केली. तिच्या मराठी व गुजराती शाखांतून देशी भाषांत व्याख्याने होऊ लागली आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. पुढे कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायन, भौतिक इत्यादी विषयांवर मराठीत ग्रंथ लिहिले. १९२८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला प्रसिद्ध शोध लावला त्याच वर्षी, पुण्यात प्राध्यापक गो. रा. परांजपे यांच्या पुढाकाराने ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले. ही माणसे थोडी होती आणि त्यांचे वाचकही थोडे होते. एखादा पुरुष निघाला की कार्य चाले, तो थकला की ते मंदावे. संस्था अशी नव्हती.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर परिस्थिती पालटली. मराठी ही राज्यकारभाराची भाषा व्हावयाची होती. १९६२ मध्ये शासनाचा पदनाम कोश प्रसिद्ध झाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला, विश्वकोशाच्या कामाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रारंभ झाला. कचेरीत मराठी येऊ लागली, परंतु प्रयोगशाळेचे दार तिला उघडले नव्हते. विज्ञान इंग्रजीत शिकावे, इंग्रजीत लिहावे आणि घरी येऊन मराठीत बोलावे ते क्रिकेट, राजकारण व नाटक यांविषयी, अशी सुशिक्षितांची रीत होती.

या पार्श्वभूमीवर २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. तिच्यामागची प्रेरणा मधुकर ना. गोगटे या स्थापत्य अभियंत्याची होती. ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परिषदेचा आरंभ एखाद्या विद्यापीठाच्या विभागातून झाला नाही, तर पूल व इमारती यांचे हिशेब करणाऱ्या एका व्यावसायिकाच्या तळमळीतून झाला. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, याच गोगटे यांनी पुढे भारतीय भाषा रोमन लिपीत लिहाव्यात या मताचा हिरिरीने पुरस्कार केला. मराठीतून विज्ञानाचा प्रसार व्हावा म्हणून संस्था काढणाऱ्या मनुष्याने नागरी लिपीला पर्याय सुचवावा, हे अनेकांना चमत्कारिक वाटले. पण रूढ गोष्टींकडे उपयुक्ततेच्या कसोटीने पाहण्याचा तो स्वभावच होता, आणि त्या स्वभावावाचून परिषद निघाली नसती.

अशा संस्था जगाला नव्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये १८३१ साली यॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनची पहिली सभा भरली. विज्ञानाचे अधिवेशन दरवर्षी निराळ्या गावी भरवावे आणि त्या गावच्या लोकांनी ते ऐकावे, ही प्रथा तिने पाडली. आपल्या देशात प्रयागच्या विज्ञान परिषदेची स्थापना १९१३ मध्ये झाली. सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारख्या जगन्मान्य शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये कलकत्त्यास बंगीय विज्ञान परिषद काढली. केरळातील लेखक व शास्त्रज्ञ यांनी १९६२ मध्ये केरळ शास्त्र साहित्य परिषद स्थापन केली व पुढे ती गावोगावची चळवळ बनली. मराठी विज्ञान परिषद या मालिकेतील आहे. मात्र तिचे एक वैशिष्ट्य असे की, तिने आरंभापासून कोणत्याही चळवळीचा झेंडा न घेता सभा, मासिक, स्पर्धा, पुस्तक आणि अधिवेशन अशी साधी हत्यारे वापरली. तिचे वार्षिक अधिवेशन गावोगाव फिरत राहिले. महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेरही तिचे विभाग निघाले. ‘मराठी विज्ञान परिषद पत्रिका’ हे तिचे मासिक सुरू झाले. मुंबईत शीव-चुनाभट्टी येथे ‘विज्ञान भवन’ ही तिची स्वतःची वास्तू उभी राहिली. हे सर्व मुख्यतः नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळी काम करणाऱ्या माणसांनी केले.

परिषदेच्या स्पर्धांविषयी थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल, कारण त्यांपैकी एका स्पर्धेने मराठी साहित्याचा एक दालनच उघडला. १९७४ मध्ये परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाचा कोणी लेखक परीक्षकांना ठाऊक नव्हता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला, की नारायण विनायक जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी केली की नाव तयार. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून काढली होती. केंब्रिजहून १९७२ मध्ये भारतात परतलेला आणि जगभर नाव झालेला हा शास्त्रज्ञ, आपली कथा नावाच्या वजनावर नव्हे तर गुणावर पसंत पडते की नाही, हे आजमावू इच्छीत होता. विज्ञानात कसोटी अशीच घेतात. निष्कर्षावर परिणाम करील अशी गोष्ट आधी दूर ठेवावयाची आणि मग निरीक्षण करावयाचे. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात नारळीकरांच्या कथेचा उल्लेख केला आणि विज्ञानकथा मराठी साहित्याच्या पंक्तीला बसली. तेच नारळीकर पुढे २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते.

लहानशा संस्थेने जाहीर केलेल्या एका स्पर्धेतून एवढे घडू शकते. पंचायत समितीच्या वा शाळेच्या पातळीवर अशी स्पर्धा भरविण्यास खर्च फारसा येत नाही. परीक्षकांपुढे निबंध ठेवताना नावे झाकून ठेवली, तरी पुष्कळ साधेल.

आता हिशेबाची दुसरी बाजू. परिषद आणि तिच्यासारख्या संस्था यांच्या प्रयत्नांनी लोकांची समजूत किती बदलली? १६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण झाले. खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला व महाराष्ट्रात ते खंडग्रास दिसले. त्या दुपारी मुंबई-पुण्याचे रस्ते संचारबंदी असावी तसे ओस पडले होते. लोकांनी दारे-खिडक्या बंद करून घेतल्या. याच सुमारास महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेने गावोगाव यात्रा काढून विज्ञान सांगावयास सुरुवात केली. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी पुन्हा ग्रहण झाले, तेव्हा शाळांच्या पटांगणांवर मुले संरक्षक चष्मे लावून रांगेत उभी होती. पंधरा वर्षांत एवढा फरक पडला. परंतु त्याच वर्षी, या ग्रहणाच्या जेमतेम पाच आठवडे आधी, २१ सप्टेंबरला देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. पृष्ठताण व केशाकर्षण यांमुळे चमच्यातील दूध मूर्तीवरून ओघळून खाली जाते, हे शास्त्रज्ञांना दूरदर्शनवर दाखवून द्यावे लागले. रांगेत उभे राहिलेल्यांत विज्ञानाचे पदवीधर नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पृष्ठताणाची व्याख्या त्यांना परीक्षेपुरती पाठ होती, दुधाने भरलेल्या चमच्याशी तिचा संबंध कोणी जोडून दाखविला नव्हता.

भारतीय संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला आणि त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे एक कर्तव्य म्हणून नमूद झाले. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. आदल्याच दिवशी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन असतो. शाळांत पहिल्या दिवशी कविता म्हटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी थर्मोकोलचा ज्वालामुखी मांडला जातो. पाहुणे येतात, ज्वालामुखीतून खाण्याच्या सोड्याचा फेस निघतो, छायाचित्र होते आणि सायंकाळपर्यंत तो ज्वालामुखी कपाटावर जातो तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. यात शिक्षकांचा दोष थोडा आहे. वर्षाच्या तीनशे चौसष्ट दिवसांत विज्ञानाला शाळेबाहेर काही काम दिले गेले नाही, तर एका दिवसात त्याने दुसरे काय करावे?

शब्दांच्या बाबतीतही हेच दिसते. हायड्रोजनसाठी ‘उद्‌जन’ हा शब्द घडविला गेला. तो कोशात राहिला आणि मुले हायड्रोजनच म्हणतात. उलट नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन शब्द पाहा. हेही कोणीतरी घडविलेलेच आहेत आणि तेही संस्कृताच्याच अंगाने. परंतु दौंडच्या उसाच्या पट्ट्यातील शेतकरी, ज्याने रसायनशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नाही, तो सेवा सोसायटीच्या गोदामात उभा राहून ‘स्फुरद कमी पडतंय’ असे बिनदिक्कत म्हणतो. हे शब्द खताच्या मात्रेत, माती परीक्षणाच्या अहवालात आणि कृषी सहायकाच्या बोलण्यात आले. त्यांच्याशी पिकाचा आणि पैशाचा संबंध जुळला, म्हणून ते टिकले. ‘उद्‌जन’ या शब्दाला शेतकऱ्याकडे काम नव्हते. मराठी विज्ञान परिषदेने आणि शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषेसाठी केलेले श्रम मोलाचे आहेत यात शंका नाही, पण परिभाषा कोशातून जिभेवर येते ती हाताच्या मार्गाने, हे या तीन शब्दांवरून दिसते.

हाताचा हा मार्ग ज्यांनी विचारपूर्वक निवडला ते डॉक्टर श्रीनाथ कलबाग होत. कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेतील काम आणि त्यानंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील वरिष्ठ पद, असा त्यांचा प्रवास होता. ही नोकरी सोडून १९८३ मध्ये ते पत्नी मीरा कलबाग यांच्यासह शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आले आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ हे नाव तोपर्यंत बाहेरच्यांना ठाऊक होते ते मस्तानीच्या समाधीमुळे. गाव पर्जन्यछायेतले, पाऊस बेभरवशाचा, माळ खडकाळ. कलबाग यांना असेच गाव हवे होते. सुपीक, बागायती गावात एखादी गोष्ट यशस्वी झाली तर ती पाण्याने झाली की शिक्षणाने, हे सांगता येत नाही.

त्यांचा विचार थोडक्यात असा होता. लहान मूल बोलावयास, चालावयास शिकते ते भोवतालच्या खऱ्या जगात वावरून, प्रयत्न करून आणि चुका करून. शाळेत गेल्यावर मात्र त्याच्या हातातील काम काढून घेतले जाते व पुस्तक दिले जाते. खेड्यातील पुष्कळ मुले तेथेच मागे पडतात आणि नापास म्हणून बाहेर येतात. बुद्धी कमी म्हणून ती नापास होतात असे नाही. त्यांची बुद्धी ज्या वाटेने चालते ती वाट शाळेने बंद केलेली असते.

म्हणून आश्रमात शाळा सोडलेल्या मुलांसाठी ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला आणि माध्यमिक शाळेतील आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. पाबळच्या शाळेत त्याचा प्रयोग झाल्यावर माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली व तो राज्यातील इतर शाळांतही गेला. आठवड्यातील एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन असे चार विभाग. मुलगा आणि मुलगी दोघांनीही चारही शिकावयाचे. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा रक्तगट तपासतो. शिकविणारे निदेशक शक्यतो गावातलेच, ते काम करून पोट भरणारे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तयार होणारी वस्तू वा सेवा खऱ्या गिऱ्हाइकासाठी असावयाची. एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्याचे फाटक करावयाचे असेल, तर कोनपट्टी किती फूट लागेल, तिचे वजन किती, वेल्डिंगच्या कांड्या किती, विजेचा खर्च किती, मजुरी किती आणि एकूण किंमत काय सांगावयाची, हे विद्यार्थ्यालाच मांडावे लागते. फाटक वाकडे झाले तर गुण कापले जातात एवढ्यावर भागत नाही, फाटक परत येते. विज्ञान, गणित आणि मराठीतील लेखन हे तिन्ही विषय त्या एका फाटकात शिकून होतात.

आश्रमात पुढे जुन्या जीपच्या सुट्या भागांपासून छोटा ट्रॅक्टर तयार झाला, घुमटाकार घरे झाली. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणारी व कोरणारी यंत्रे असलेली कार्यशाळा उभी राहिली. त्या संस्थेबाहेर जगात उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळची गणना होते. २००३ मध्ये कलबाग यांचे निधन झाले. आश्रमाचे काम त्यांच्यामागे चालू राहिले आहे.

या सर्व कामांतील एक काम आजच्या श्रोत्यांना अधिक जवळचे वाटेल. ते म्हणजे भूगर्भातील पाण्याचा शोध. शिरूरच्या पश्चिम भागात आणि दौंडच्या जिरायती गावांत कूपनलिका घेणे हा कुटुंबाच्या आयुष्यातील मोठा जुगार असतो. दागिने मोडून वा कर्ज काढून गाडी बोलावली जाते, रात्रभर धुरळा उडतो आणि सकाळी कळते की पाणी लागले नाही. गाडी येण्यापूर्वी पाणाड्या येऊन गेलेला असतो. तळहातावर नारळ ठेवून किंवा झाडाची दुबेळकी फांदी हातात धरून तो शेतात फिरतो आणि नारळ उभा राहिला, फांदी वळली, की तेथे खूण केली जाते.

पाबळला गावातील तरुणांना यासाठी विद्युत्‌रोध मोजण्याची पद्धत शिकविण्यात आली. पद्धत समजण्यास अवघड नाही. जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून विद्युत्प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधील विद्युत्‌दाब मोजतात. सळयांतील अंतर वाढवीत नेले की प्रवाह अधिकाधिक खोल थरांतून जातो. अखंड काळा पाषाण प्रवाहाला फार अडवितो. झिजलेला, भेगाळ आणि पाण्याने भिजलेला थर कमी अडवितो. मोजलेले आकडे आलेखावर मांडले म्हणजे खाली कोणता थर किती खोलीवर असावा याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, खात्री नव्हे. चिकण मातीचा थरही कमी रोध दाखवितो आणि त्यातून पाणी मात्र सुटत नाही. म्हणून आकडे वाचताना भोवतालच्या विहिरींची माहिती हाताशी असावी लागते. सळयांच्या यंत्राचेही अंदाज चुकतात.

मग यंत्र आणि नारळ यांत फरक काय, असे एखादा सरपंच विचारील आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. आपल्या दख्खनच्या खडकात पावसाळ्यानंतर पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. त्यामुळे पाणाड्याच्याही काही जागा खऱ्या ठरतात आणि त्यांची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. कोरड्या गेलेल्या जागांची वही कोणी ठेवीत नाही. फरक त्या वहीचा आहे. ज्या पद्धतीचे चुकलेले अंदाजही लिहून ठेवले जातात, ती पुढच्या वेळी सुधारते. ज्या पद्धतीत चूक झाली की दोष शेतकऱ्याच्या नशिबाकडे जातो, ती शंभर वर्षांनीही तेथेच राहते. नारळीकरांनी आपले नाव उलटे करून जी कसोटी लावली आणि पाबळच्या निदेशकाने वाकडे फाटक परत घेतले, त्यांतही हेच होते.

ही वही कोणाच्या कचेरीत असावी? १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. पण निरीक्षण विहिरी मोजक्या असतात आणि प्रत्येक शिवारातील खडक वेगळा असतो. गावातील प्रत्येक नव्या कूपनलिकेची नोंद ग्रामपंचायतीत झाली, तर दहा वर्षांत गावाला आपल्या पोटातला नकाशा मिळेल. जागा कोणी व कोणत्या पद्धतीने दाखविली, किती फुटांवर कोणता थर लागला, पाणी कोठे लागले, लागले नसल्यास किती फुटांवर काम थांबविले, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सहसा कोरा ठेवला जातो.

या वहीसाठी परिभाषा कोश उघडण्याचीही गरज नाही. विहीर खोदणाऱ्यांच्या तोंडी ती आधीच आहे. मुरूम, मांजऱ्या, गेरूचा थर, काळा पाषाण, हे शब्द भूजल यंत्रणेच्या अधिकाऱ्यालाही समजतात आणि गावच्या गवंड्यालाही. ‘रांजणखळगे’ या शब्दासारखेच ते मातीतून आलेले आहेत.

शाळेतील विज्ञान दिनाला यातून काम मिळू शकते. मार्चच्या नोंदीसाठी फेब्रुवारीच्या अखेरीस नववीच्या मुलांना तयार करावे. ऑक्टोबर व जानेवारीच्या नोंदी शाळा चालू असतानाच होतात. मे महिन्यात सुटी असते, म्हणून ते मोजमाप ग्रामपंचायतीच्या शिपायाला शिकवून ठेवावे लागेल. साहित्य म्हणून लागते एक लांब मोजपट्टी, तिच्या टोकाला बांधावयाचे वजन आणि रकाने आखलेली एक जाड पुठ्ठ्याची वही.